बोडीवरच्या महूला टांगलेले कपडे

तो महू, म्हणजे मोहाचं झाड, अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण रिकाम्या कपड्यांनी अंगावर काटा आला तो त्या एकाच दुपारी.

साकोलीच्या बाजूचं गाव. नावं सांगणार नाही, कायद्यालाही ते चालत नाही आणि मलाही. धानकापणी आटोपली होती. ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना त्या गावच्या आशाताईचा, म्हणजे आरोग्याचं काम पाहणाऱ्या बाईचा, फोन आला. बाई दबक्या आवाजात बोलत होती. "साहेब, एका सुनेले बोडीवालीनं धरलं मनून गाव बोंबलून रायलं. तीन दिवस झाले, बोलत नाही, झोपत नाही. पन तिले भूत नाही लागलं साहेब. मानूस नडला तिले. लवकर या, उद्या अवस आहे, तिचे कपडे जाळतीन."

बोडी म्हणजे गावाचा लहान तलाव. कधीकाळी तिथे एक बाई बुडून मेली, ती धरते असा समज. आणि रीत अशी, की धरलेल्या माणसाचे कपडे उतरवून पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, महूला टांगायचे. अमावस्येपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, लावला की ती त्यालाच धरते. अवसेला भगत ते जाळून टाकतो.

महिला उपनिरीक्षकाला घेऊन निघालो. पंचविशीतली ती सून खिडकीशी बसली होती. नवरा कामाला परगावी. आम्ही आत गेलो तरी तिनं मान वळवली नाही. पापणीसुद्धा लवत नव्हती. खिडकीतून थेट पाळ दिसत होती आणि महूवर तिची निळी साडी हलत होती, अंगणात मात्र वाऱ्याचा पत्ता नव्हता. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, हे काम पोलिसांचं नाही.

सासू रडत म्हणाली, "अशीच त्या झाडाकडं पाहून रायते साहेब. थेच ओढून रायली तिले." चुलत दिराची मात्र धावपळ चालली होती. खाट टाक, चहा सांग. घरात असं संकट असताना जो पोलिसांना चहाचा आग्रह करतो, त्याच्यावर माझं लक्ष राहतं.

पाळीवर अख्खं गाव लांब उभं राहिलं. पंच व्हायला एक माईचा लाल पुढे येईना. शेवटी साकोलीहून दोन सरकारी कर्मचारी बोलावले. ते येईपर्यंत आम्ही दोघं त्या झाडाखाली. एक पाखरू ओरडत नव्हतं. ते आल्यावर मी जुन्या सवयीनं उघड्याच हातानं साडीकडे गेलो, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. उपनिरीक्षक ओरडलीच, "साहेब, हात लावू नका! प्लास्टिकही नको, ओल धरते, पुरावा सडतो." वयानं माझ्या मुलीएवढी पोरगी, पण बरोबर होती. मागे माझ्याच हातून एका केसचे कपडे असे बुरशी लागून वाया गेले होते. त्या केसमधल्या बाईला मी पुढे तोंड दाखवू शकलो नव्हतो. आता हातमोजे घालून एकेक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात गेला, चित्रीकरण झालं, लाखेची मोहर लागली. कपडे सावलीत, वाऱ्यावर सुकलेले, कुणी हात न लावलेले. आमच्या मुद्देमाल खोलीतही इतके नीट राहिले नसते.

सीलबंद पाकिटं घेऊन आम्ही खिडकीसमोरून आलो, तेव्हा तिनं पहिल्यांदा डोळे मिटले. मग म्हणाली, "सगळे भेटले का?"

तीन दिवसांनी फुटलेला आवाज! सासूनं किंकाळीच मारली. उपनिरीक्षकानं सगळ्यांना, मलासुद्धा, बाहेर काढलं आणि जमिनीवर तिच्याशेजारी बसली. तपासणी तुझ्या मर्जीनं होईल, नको वाटलं तर मधेच थांबव म्हणाली. आंघोळ झाली म्हणून सगळं संपलं असं नसतं, हेही समजावलं. रुग्णालयात आशाताई शेवटपर्यंत तिच्यासोबत होती. महिला डॉक्टरनं आधी संमती विचारली, मगच हात लावला.

तिनं चुलत दिराचं नाव सांगितलं; तीन दिवसांपूर्वी दुपारी बोडीवरून घरी येताना त्यानं तिला गाठलं होतं. तो म्हणाला, मी तर त्या दुपारी साकोलीला होतो. मी सासूला एकच विचारलं, बोडीवालीनं धरलं हे आधी कोण म्हणालं? बाई आठवत गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "यानंच सांगतलं जी. सून घरी आली बी नव्हती, तवाच."

हे समोर ठेवल्यावर गडी ढेपाळला. मी विचारलं, "मग ते कपडे काढून काहून नाही फेकले?" तो म्हणाला, "दोन खेपा गेलो साहेब. हात वर केला का साडी माह्याकडं वळे. मले भेव लागला." भूत यानंच उठवलं आणि याच्याच मानगुटीवर बसलं! पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, कपडे चालतात. प्रयोगशाळेच्या अहवालात त्याचाच डीएनए निघाला. शिक्षा झाली.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी तिला विचारलं, "बाई, तीन दिवस त्या झाडाकडे काय पाहत होतीस?"

"राखन करून रायली होती साहेब. तो दोनदा आला, वापस गेला. थे कपडे गेले असते तं माझं कोन मानलं असतं? मनून डोळा नाही लावला."

मी मेला त्या खिडकीशी उभा राहून तिच्यात भूत पाहत होतो. माझी मलाच लाज वाटली. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या भरतीला मी हे सांगितलं: अशी बाई गप्प बसून कुठे पाहत असेल तर भगताला नको, तिलाच विचारा, आणि ती पाहते तिथे हातमोजे घालून जा. त्या तीन दिवसांत त्या गावात पोलिसाचं काम एकटी तीच करत होती.