एका मेंढराचं औषध

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात माझी पहिली केमो होती. केस जाणार म्हणून मी सारखी वेणी चाचपत होते. शेजारच्या खुर्चीत डोईवर घट्ट पदर घेतलेली एक धनगरीण बसली होती. चरणाऱ्या मेंढरांवर ठेवावी तशी तिची नजर सलाईनच्या थेंबांवर होती.

"तुमचं औषध वेगळं दिसतंय," मी म्हणाले.

"नॅनो म्हनत्यात ह्याला. लई बारक्या कुप्यांत भरून गाठीकडं धाडत्यात. आदीचं औषध म्हंजी एका आजारी मेंढरापायी सगळ्या कळपाला पाजल्यागत व्हतं. हे त्या एकाला हुडकतंय."

"आणि केस?"

तिनं पदर मागं सारला. डोक्यावर पेरभर काळेभोर केस उभे होते.

"बगा की ताई, लोकर परत आली!"

वेणीवरचा हात काढून मी तो सुई घेऊन आलेल्या नर्सपुढे धरला.