बरणीची गाठ आणि जाड अक्षरं

नव्वदचं दशक सरत आलेलं. डोंबिवलीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे नवीन सायबर कॅफे निघालेला. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी भाजीची पिशवी घेऊन तिथे जायची. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचा एक फोरम होता, त्यावर टोपणनावाने लिहायची. माझे धाकटे दीर तिकडेच असत, आणि तोच फोरम वाचत. आवडलेलं छापून दर महिन्याला आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पोस्टाने पाठवत. हे सगळं मला ठाऊक होतं. पण टोपणनाव आहे ना, मग कोणाला काय कळतंय डोंबल!

एकदा घरी भांडण झालं आणि मी तणतणत जाऊन लिहिलं. सासूबाई लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरचा फडक्याचा दादरा स्वतःच बांधतात. दोऱ्याला अशी उलटी गाठ मारतात की दुसऱ्याने सोडली तर लगेच कळावी. सहा वर्षांत मला त्या बरणीला एकदाही हात लावू दिलेला नाही. 'एकदाही' हा शब्द जाड दिसावा म्हणून त्याच्या आधी, फोरमवर टाकतात तशी, कंसातली खूण टाकली आणि पाठवून दिलं.

पाठवलं मात्र, आणि मग आठवलं. त्याच गाठीपायी भावोजींनी लहानपणी मार खाल्लेला, मला हसत हसत सांगितलेलं. ते ओळखणार नाहीत तर कोण?

बघते तो काय, शब्द संपल्यावर खूण बंद करायची राहिलेली! माझं पुढचं सगळं जाड, आणि खाली दुसऱ्यांनी लिहिलेलं तेही जाड. जागे असलेले दोघंतिघं वैतागले, "अहो ताई, आधी ती खूण बंद करा!" कुठे बंद करू? पाठवलेलं बदलायची सोयच नव्हती मेली. घाबरून दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. पान हलेना म्हणून परत बटण दाबलं. झालं, माझं गाऱ्हाणं तीन वेळा! फोरम चालवणाऱ्याला 'कृपा करून काढून टाका' असं लिहिलं, पण तिकडे रात्र. भाजी न घेताच घरी आले.

दोन दिवसांनी ते निघालं, पण तोवर भावोजींनी वाचलं असेल ही माझी भीती काही निघाली नाही. दारात पोस्टमन दिसला की मी स्वयंपाकघरात पळायची. नवऱ्याला सांगायची छाती झाली नाही.

महिन्याने जाडजूड पाकीट आलं. आईंनी चष्मा लावून गॅलरीत बसून वाचायला घेतलं. मी कणीक मळत होते. तेवढ्या लांबूनही ती जाड अक्षरं मला दिसली. समासात भावोजींनी पेनाने लिहिलेलं मी नंतर वाचलं, "आई, ही आपलीच बरणी ना?"

आईंनी कागदांची घडी घातली. उठून ते कपाटात ठेवले आणि आपल्या कामाला लागल्या. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "लोणचं आण गं जरा."

मी फळीपाशी गेले. दादरा बरणीवर नुसताच टाकलेला, दोरा बाजूला गुंडाळून ठेवलेला. माझा हात काही पुढे जाईना. बाहेर आई ताटावर थांबल्या होत्या, आणि मी तशीच उभी होते.