पिंपात बसणारा जावई

आमच्या मावससासूबाईंनी अर्ध्या भांडुपला कधी ना कधी पिंपात बसवलेलं आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांचा डोळा आहे. रस्त्यात कोणी भेटलं की बाकीचे लोक त्याचा चेहरा बघतात, मावशी त्याची रुंदी बघतात. हा पाण्याच्या टाकीत मावेल का, जिन्याखाली दुमडता येईल का, ऐन वेळी खोकणार तर नाही ना, एवढाच हिशेब त्यांच्या डोळ्यांत चाललेला असतो. माझं लग्न ठरायच्या आधी मुलीकडची मंडळी मुलुंडला आमच्या घरी आली होती. पगार, पत्रिका, गावाकडचं घर हे सगळं बाकीच्यांनी विचारून घेतलं. मावशींनी तेवढ्यात पोहे संपवले. मग बशी खाली ठेवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अंगाने आटोपशीर आहेत. बसतील." कुठे बसतील, हे मला लग्नानंतर कळलं.

मावशी शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. गाव मालवणकडचं, वडील गिरणीत, आणि सगळा जन्म भांडुपच्या टेकडीवरच्या एका दोन खोल्यांच्या घरात. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. मावशी ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात गेल्या आणि जाताना स्वतःची कुत्री घेऊन गेल्या. कुत्रीचा रंग निळसर करडा, म्हणून तिचं नाव सुरमई. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्या "सुरमई, ए सुरमई" अशी हाक मारत, तेव्हा नवीन राहायला आलेल्या बायका पिशवी घेऊन बाहेर येत.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी कुत्र्यांना भितो. थोडाथोडका नाही, पार घाम फुटेपर्यंत. आजवर मला एकही कुत्रा चावलेला नाही, आणि हे सगळं श्रेय मी माझ्या भीतीला देतो. समोरून पट्ट्यातलं पामेरियन आलं तरी मी रस्ता ओलांडतो. नखांचा फरशीवर होणारा तो टकटक आवाज ऐकला की माझे पाय आधी गार पडतात, मग जाणवेनासे होतात. ही गोष्ट मी बायकोला सांगितली, बायकोने मावशीला सांगितली, आणि पुढच्याच रविवारी मावशीचा निरोप आला की जावयबापूंना जुने कपडे घालून पाठव.

त्यांची शिकवण्याची पद्धत अशी होती. भांडुपला एक बंद पडलेली कंपनी पाडायला काढली होती. तिथे सिमेंटचे तुकडे, वाकलेल्या सळ्या आणि रिकामी पिंपं यांचा डोंगर झाला होता. मालकाची परवानगी काढून पथक तिथे सराव करायचं. एका माणसाने कुठेतरी लपायचं. सुरमईने वासावरून त्याला शोधायचं आणि सापडला की भुंकत राहायचं. मग त्या लपलेल्या माणसाने शर्टातून जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्यांची वळलेली एक जाड वेणी काढायची आणि तिच्याशी रस्सीखेच खेळायची. तीही अगदी आनंदी आवाज काढून. हेच सुरमईचं बक्षीस. शेवटी हरायचं मात्र माणसानेच. पत्त्यांत मेंढीकोट खेळताना शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीलाही एक हात न सोडणाऱ्या मावशी या एका नियमाबाबत फार कडक होत्या. सुरमई जिंकली पाहिजे, आणि आपण हरल्याचं तिला खरं वाटलं पाहिजे.

सराव सुरू करण्याआधी मावशी पिशवीतून टाल्कम पावडरचा डबा काढून हवेत दाबत. पावडर कुठे वाहते त्यावरून वारा कळतो आणि वाऱ्यावरून कुत्री कोणत्या बाजूने सोडायची ते ठरतं. ही सवय त्यांना इतकी जडली होती की कोणाच्याही घरी गेल्या तरी उंबऱ्यात आधी डबा दाबायच्या. एकदा शेजारच्या हळदीकुंकवात त्यांनी असाच वारा बघितला आणि समोरची सवाष्ण ओटी भरून घ्यायच्या ऐवजी बराच वेळ शिंकत राहिली.

तर त्या रविवारी मी पिंपात बसलो. वर लाकडी फळी, फळीवर वीट. आत गंजाचा वास आणि माझाच श्वास. सुरुवातीला गुडघे दुखत होते. मग लांबून सिमेंटवर नखांचा आवाज आला आणि मला गुडघे आहेत याचाच विसर पडला. आवाज जवळ आला, पिंपाभोवती फिरला, थांबला. नाकाने हवा ओढण्याचा आवाज माझ्या कानाशी आला. मग ती जी भुंकली, ते मी पिंपाच्या आतून ऐकलं, आणि ज्यांनी ते तसं ऐकलेलं नाही त्यांना मी सांगून उपयोग नाही. फळी सरकली. वेणी कुठली आणि आनंदी आवाज कुठला. मी खिशातला बिस्किटाचा अख्खा पुडा तिच्या पुढे टाकला आणि डोळे मिटून घेतले.

मावशी भडकल्या. जावई म्हणून 'तुम्ही' सोडलं नाही, पण बाकी काही ठेवलं नाही. बिस्किटाने पोट भरतं, त्या म्हणाल्या, आणि पोट भरलं की कामाची हौस संपते. खेळाने कधी कोणाचं पोट भरलंय? वर्गातल्या चाळीस मुलांना गोळ्या वाटून त्यांनी कधी धावायला लावलं नव्हतं, चेंडू दाखवून लावलं होतं. हे त्या बराच वेळ बोलत होत्या आणि सुरमई माझे बूट हुंगत होती, त्यामुळे मला सगळं नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की परत निघताना टेकडी चढता चढता त्या एकदम थांबल्या आणि वेगळ्याच आवाजात बोलल्या.

"तिला हा खेळच वाटतो, जावयबापू. माणूस लपलाय, सापडला की खेळणार. लपलेला माणूस मेलेला पण असतो, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मला त्याचीच भीती वाटते."

मावशींना कशाची तरी भीती वाटते, ही बातमी मला नवीन होती. आमच्या बायकोच्या माहेरी तर ती कोणी खरीच मानली नसती.

पुढे मी बरेच रविवार लपलो. भीती कणभरही गेली नाही, पण वेणी ओढायला शिकलो. आणि मग एका पावसाळ्यात, सतत आठवडाभर कोसळल्यावर, उपनगरातल्या एका टेकडीवर दरड खाली आली आणि घरांची एक ओळ तिच्याखाली गेली. पथकाला बोलावणं आलं. मावशी आणि सुरमई दोन दिवस तिथे होत्या. सुरमईने माणसं शोधली. प्रत्येक ठिकाणी ती भुंकली, मग माती काढल्यावर त्या माणसासमोर शेपटी हलवत उभी राहिली, वेणीची वाट बघत. कोणीच खेळलं नाही. कोणीच जिवंत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती भुंकेनाशी झाली, नुसती त्या जागी बसून राहायची. घरी आल्यावर खाटेखाली गेली. मावशींनी वेणी दाखवली तर तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

मावशींचा मला फोन आला. हुकूम सोडायची सवय असलेल्या बाई, पण त्या दिवशी विचारत होत्या. उद्या सकाळी लपाल का, म्हणाल्या. मी म्हटलं, पथकात एवढे धीट लोक आहेत, मीच कशाला? त्या म्हणाल्या,

"ते सगळे आता खेळ म्हणून लपतात. तिला वासावरून कळतं. तुम्ही खरे घाबरता. ढिगाऱ्याखालचा माणूस तसाच घाबरलेला असतो. तिला तसा एक माणूस जिवंत सापडायला पाहिजे, जावयबापू, नाहीतर ही पुन्हा कोणाला शोधायची नाही." मग आवाज उतरला. "मी पण जायची नाही."

माझी भीती कोणाच्या कामाला येईल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी गेलो. या वेळी पिंप नव्हतं. पडलेल्या दोन स्लॅबच्या मधल्या फटीत त्यांनी मला आडवं सरकवलं आणि तोंडाशी तुकडे लावले. पाठीखाली पाणी होतं. डोक्याजवळ कुठूनतरी बारीक खडी घसरायची, थांबायची, पुन्हा घसरायची. ती माणसं अशीच पडली असतील, हे मनात आलं आणि मग ते जाईना. मी नखांचा आवाज ऐकू लागलो. तो येईना. आयुष्यभर कुत्रं येईल म्हणून घाबरलेला मी, आता ते येणार नाही म्हणून घाबरलो होतो, आणि ही भीती आधीच्या सगळ्या भीतींहून मोठी होती.

शेवटी नखं वाजली, अगदी सावकाश. तुकड्यांमधून एक ओलं नाक आत आलं आणि माझ्या गालाला लागलं. ती भुंकली नाही. वाट बघत नुसती उभी राहिली. आणि माझा हात हलेना, घशातून आवाज निघेना. मी तसाच पडून राहिलो तर तिच्या दृष्टीने मीही त्या लोकांतलाच एक ठरणार, हे मला समजत होतं. कसाबसा मी ओरडलो. "सापडलो गं सुरमई, सापडलो." आवाज आनंदी नव्हता, रडका होता, पण होता. मग वेणी तिच्या तोंडापुढे हलवली. ती क्षणभर बघत राहिली. तिने वेणी धरली, ओढली, मी ओढली, तिने इतकी जोरात ओढली की माझ्या हातातून ती सुटलीच, आणि ती भुंकली, भुंकतच राहिली.

तुकडे बाजूला करून मावशी आत वाकल्या. त्यांनी आधी माझ्या गालाला हात लावून बघितला. मग सुरमईला जवळ घेऊन तिथेच चिखलात बसल्या आणि रडत गावच्या मालवणीत म्हणाल्या, "गावलो गो बाय माझ्या, माणूस जिवंत गावलो."

त्यानंतर त्या दोघींनी पथकात बरंच काम केलं. आता सुरमईचं तोंड पांढरं झालंय, मागचे पाय धड उचलत नाहीत, आणि मावशी टेकडी चढताना दोनदा बसतात. बाकीच्या कुत्र्यांना बघून मी आजही रस्ता ओलांडतो. भांडुपला गेलो की मावशी चहा ठेवतात आणि म्हणतात, "लपा जरा." त्या घरात लपायला जागा अशी नाहीच. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहतो, वेणी शर्टात घालतो. बाहेर मावशी उगाचच पावडरचा डबा दाबतात. सुरमईला उठायला आता फार वेळ लागतो. मी नखांचा आवाज ऐकत असतो, आणि तो येईपर्यंत मला खूप भीती वाटते.