खळेवाडीची राय

धारूरच्या धोंडप्पाला तहसीलदारांनी लोकल कमिटीचा मेंबर केलं, त्यामागचं कारण फार उदात्त नव्हतं. त्याच्या मीठ-गुळाच्या दुकानात खुर्ची होती. तिचा एक हात मोडलेला होता, पण दौऱ्यावरच्या साहेबाला टेकता येत होतं. टेकल्या टेकल्या साहेबानं त्याचं नाव लिहून घेतलं.

निजाम सरकारचा अंमल होता, फसली तेराशे एकवीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अकरा-बारा. मेंबरनं तीन महिन्यांतून एकदा मोमिनाबादला जायचं, उर्दूत वाचलेल्या कागदाला मान हलवायची आणि विडा खाऊन परतायचं, एवढीच अपेक्षा होती. धोंडप्पाचा दोष असा, की तो ऐकायचा. ऐकलेलं मग तट्टावर बसून गावोगाव सांगत हिंडायचा: कोणता रस्ता ठरला, कुठली शाळा राहिली.

"बाकीचे मेंबर घरी झोपत्यात," त्याची बायको दानम्मा म्हणे. "तुमालाच कावून खाज?"

"लोकाच्या नावानं बसतो ना तिथं? मग लोकाला सांगाया नको?"

"लोकानं इचारलंय का?"

लोकांनी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

त्या साली कमिटीकडं एकाच कामापुरता पैसा उरला. खळेवाडीला विहीर खोदायची, की दौऱ्यावरच्या साहेबांना उतरायला तिथली चावडी नव्यानं बांधायची? रयतेची राय, म्हणजे मत, घेऊन या, असं साहेब म्हणाले. बोलायची रीत म्हणून बोलले असतील. धोंडप्पानं ते मनावर घेतलं.

खळेवाडीच्या बायका पाण्याला दरड उतरून खालच्या झऱ्यावर जात. आदल्याच आठवड्यात छबुबाईची सून भरल्या घागरीसकट घसरली होती. सातवा महिना. पोटातलं शाबूत राहिलं, घागर गेली. "एकडाव वाचली, अण्णा," छबुबाई धोंडप्पाला म्हणाली होती. "दुसऱ्या डावाला दरड सोडनार न्हाई."

मारुतीपुढं त्यानं दोन घागरी मांडल्या. विहीर हवी त्यानं डावीकडं एक दाणा टाकायचा, चावडी हवी त्यानं उजवीकडं. एका घराचा एकच दाणा.

"पाटलाचाबी एक आन् माझाबी एक?" रामहरीनं विचारलं.

"व्हय."

"मग मानसानं पाटील कशाला व्हायचं बे?"

सगळे हसले, आप्पाराव पाटील सोडून. साहेब चावडीत उतरले की पाटलांना त्यांच्या शेजारी बसायला मिळे. हल्ली छपरातून पाणी गळायचं, आणि त्याबरोबर थोडी इज्जतही.

"एक दाना चिमनीला टाकत्यात," पाटील म्हणाले. त्यांनी घरून ज्वारीचं पोतं आणवलं आणि उजव्या घागरीत ओतायला लावलं. घागर भरली, सांडली, तरी पोतं थांबेना. ते पाहून भाऊबंदांनाही एका दाण्याची लाज वाटली. ते पायली-पायली घेऊन आले. विहीरवाल्यांकडं ओतायला काही नव्हतं. त्यांचे मोजके दाणे डाव्या घागरीच्या तळाशी खुळखुळत होते. "एकच! एकच दाना!" ओरडून धोंडप्पाचा घसा बसला. आता त्या ढिगातून कुणाची राय कुठली, हे मारुतीलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात झऱ्याकडं निघालेली छबुबाई थांबली. बायकांची राय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, म्हणून तिनंच विचारलं, "येवढी ज्वारी कशापायी?"

"चावडीपायी," पाटील म्हणाले.

"तुमची हाय?"

"मग काय तुझी?"

छबुबाईनं ढिगाला हात जोडले आणि मागं वळून ओरडली, "बायांनो, पाटलानं चावडी अंगावर घेतली गं!"

खळेवाडीची रीतच तशी होती. मारुतीपुढं ज्या कामासाठी ज्यानं धान्य ओतलं, ते काम त्यानं तडीला न्यायचं. देवळाचा कळस तसाच झाला होता, पारही. ओतलेलं धान्य मजुरांचं. ते परत नेणाऱ्याचं काय होतं, हे सांगायला कुणी मागं उरत नाही म्हणे. पाटील रीत विसरले होते असं नाही. ओतताना त्यांना फक्त तो एक दाणा सलत होता.

"आवो, ही तर राय हाय!" पाटील गरजले. "अण्णा, सांगा हिला!"

धोंडप्पा लिहीत होता. "रायेचा एकच दाना, पाटील. बाकी समदी चावडीची मजुरी. साहेब लई खूश व्हतील. तुमचं नाव वर लिवतो."

पाटलांनी मारुतीकडं पाहिलं, मग गावाकडं.

"वर म्हंजे, एकदम वर?"

"एकदम वर."

कागद मोमिनाबादला गेला: चावडी आप्पाराव पाटील बांधून देणार, सबब कमिटीनं विहीर द्यावी.

विहिरीला बत्तीस हातांवर पाणी लागलं. पुढच्या सालच्या मेंबरांच्या यादीत धोंडप्पाचं नाव नव्हतं; कारण कुणी सांगितलं नाही. आपण आता मेंबर नाही, एवढं सांगायला तो तट्टावर बसून खळेवाडीला गेला. छबुबाई पाणी शेंदत होती.

"मग आता सांगाया कोन येनार?"

"कुनी न्हाई."

"मेंबरकी गेली तर पाय मोडले काय तुमचे? बसा. पानी पिऊन जा."

धोंडप्पा बसला. पाणी प्याला. आणि मोमिनाबादला यंदा काय ठरलं असेल, ते अंदाजानं सांगू लागला.