अरबीची शिकवणी

कैरोला कापसावर शिकायला गेले तेव्हा वाटलं होतं, कापूस तर आपल्या घरचाच आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या अलीकडे आमचं काळ्या मातीचं शेत, अकोल्यात शेतकीची पदवी घेतलेली. इंग्रजी पुस्तकांवर वर्ष निघून जाईल. पहिल्याच आठवड्यात कळलं की पुस्तकं इंग्रजी असली तरी बोलणं सगळं अरबी. प्राध्यापक दोन वाक्यं इंग्रजीत बोलून अरबीत घसरायचे. शेतावर नेलं की तिथल्या बाया बोंड हातात देऊन काहीतरी विचारायच्या आणि मी नुसती हसायची. त्या हसण्याचा मलाच वीट आला, म्हणून शिकवणी शोधू लागले.

विभागाच्या फळ्यावर एक चिठ्ठी लावलेली होती. परदेशी विद्यार्थ्यांना घरी अरबी शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ. मी गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडक्या बंद, आत शिळ्या तेलाचा आणि ओल्या सतरंजीचा वास. गृहस्थ शिकवताना एका वाटीतलं लोणचं बोटांनी काढून खायचे, बोटं चाटायचे आणि त्याच बोटांनी माझ्या वहीचं पान उलटायचे. पानांचे कोपरे पिवळे, चिकट झाले होते. खोलीवर आल्यावर मी वही दोन बोटांत धरून टेबलावर टाकायची.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एक वाक्य शिकवलं: "हुव्वा अना हिंदी?" शब्दशः अर्थ, मी काय भारतीय आहे? म्हणजे, मी काय मूर्ख आहे? इथे सगळे असंच म्हणतात, असं सांगून ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "आता तू म्हण." मी म्हटलं. शिकवणी आहे, उच्चार सुधारतोय, अशी मनाची समजूत घातली. खोलीवर जाऊन तोंड धुतलं, तरी ते वाक्य जिभेवर मळासारखं बसून राहिलं.

चौथ्या आठवड्यात 'ऐन' हे अक्षर आलं. घशातून काढायचं. मला जमेना. त्यांनी लोणच्याचा हात पुढे केला, माझी हनुवटी धरली आणि अंगठा ओठांवर ठेवून म्हणाले, "असं उघड." ओठांना खारट, आंबट चव लागली. मी उठले, वही तिथेच टाकली आणि जिना उतरून रस्त्यावर आले. कोपऱ्यावर उलटी झाली.

महिनाभर अरबीचं नाव काढलं नाही. मग एकदा फोनवर अकोल्याच्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. पदवीच्या वर्षांत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. ती म्हणाली, "काहून तिथं शोधून राहिली? आमच्या गल्लीत आपा हायेत की. जन्मभर शाळेत अरबी शिकवलं त्यायनं."

असं करत कैरोत बसून मी अकोल्याकडून अरबी शिकू लागले. माझी सकाळची वेळ, आपांची न्याहारी उरकलेली. फोनच्या पडद्यावर पांढरी ओढणी, जाड भिंगाचा चष्मा आणि मागे शिवणयंत्र. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "बाजारातली बोली तू बाजारात शीक बेटा. माझ्याकडं पाया पक्का कर. आन् पाठ करून नाई आली तर फोन लावायचा नाई."

'ऐन' आलं तेव्हा मी हनुवटी हाताने झाकून घेतली. आपांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "डॉक्टर घशात बत्ती टाकते तवा कसा 'आ' करतो आपण? तसा मोकळा सोड. कोणाचा हात लागत नाई त्याले." तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. पुढच्या चार महिन्यांत मी वर्गात प्रश्न विचारू लागले, शेतावरच्या बायांना बोंडअळीबद्दल सांगू लागले.

सुट्टीत घरी आले तेव्हा आपांना बोलावलं. त्यांची लेक अमरावतीत राहते, तिच्याकडे त्या आल्याच होत्या. दुपारी रिक्षाने आल्या. पिशवीत माझ्यासाठी त्यांचा स्वतःचा जुना शब्दकोश, कव्हर घालून आणलेला. आई मोसंबी सोलायला बसली. चहा मोठ्या आईने केला. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. लहानपणी तापात रात्रंदिवस माझ्या उशाशी बसलेली बाई.

आम्हाला शोकेसमधले निळे कप आले. आपांना आला तो मजुरांसाठी मोरीजवळच्या फळीवर ठेवलेला, कान तुटलेला, आतून तपकिरी पडलेला. मी पाहिलं. आईने पाहिलं. आपांनी तो दोन्ही हातांत धरून चहा संपवला आणि छान झाला म्हणून सांगितलं. माझी जीभ चार महिने अरबी बोलत होती, आणि माझ्याच घरात एक मराठी वाक्य तिच्यावरून निघालं नाही.

आपा फाटकापाशी चप्पल घालत होत्या तेव्हा मोठ्या आईने प्लास्टिकची पिशवी हातात चढवली, मेलेला उंदीर उचलावा तसा तो कप उचलला आणि मागच्या उकिरड्यावर फेकला. मग सोफ्याचं कव्हर ओढून बादलीत टाकलं. मला म्हणाली, "एवढे महिने त्यायच्यात राहून आली, तुले किळस नाई आली?"

आली होती. त्या क्षणी आली. तिच्या हाताची, पिशवीची, बादलीतल्या फेसाची. आणि संध्याकाळी तिनेच वाढलेलं मी जेवले, तेव्हा माझी.

कैरोला परत गेल्यावर पहिल्या तासाला मी माफी मागायला लागले. आपांनी मधेच थांबवलं. "मी आंधळी नाई. तुया घरी पुन्हा येणार नाई. तुले माझ्या घरी यायचं तर ये." मग म्हणाल्या, "तुनं तवा बोलायला पायजे होतं. आता माझ्याजवळ बोलून काय?" त्यांचा आवाज चढला नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला एकदाही बेटा म्हटलं नाही. धडा मात्र पूर्ण घेतला.

त्याच दिवशी मी मोठ्या आईला फोन लावला. कपाबद्दल विचारलं. मला वाटलं होतं ती चिडेल, लाजेल, निदान गप्प बसेल.

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "कप फुटकाच होता." आणि लगेच विचारलं, जेवली का, तिथं भाजी चांगली भेटते का.

मी फोन ठेवला. कैरोतल्या त्या गृहस्थांचं घर मी एका झटक्यात सोडलं होतं. हे घर सोडता येत नाही. ती अजून पार्सलने कुरडया पाठवते, मी त्या तळून मैत्रिणींना वाटते आणि स्वतः खात नाही. वर्ष संपताना अरबीत तोंडी परीक्षा दिली, पास झाले. अकोल्याला उतरून आधी जुन्या शहरात गेले. आपांनी दार उघडलं, निकाल विचारला, आणि मी खुर्ची ओढायच्या आत म्हणाल्या, "क्रियापदाची दहावी तऱ्हा सांग." एका धातूपासून क्रियापदं बनवायच्या अरबीतल्या नेहमीच्या दहा तऱ्हा, त्यातली ही शेवटची; मी सांगू लागले. मधे एकदा चुकले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.