भावजींच्या तारणाविरुद्ध

भर उपासनेत मी एकदा मोठ्यानं "का?" म्हणालो होतो. बोगादीतल्या चर्चची आमची छोटी मराठी मंडळी अजून त्यावर हसते. त्यामागचं मात्र — आजवर कुणापाशी बोललो नाही.

भावजी, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, त्या रविवारी उभे राहून साक्ष देत होते — "माझ्यात काही चांगलं नव्हतं, तरी देवानं मला निवडलं." आणि माझ्या तोंडून निसटलं, "का?" पाळकांना वाटलं, कृपेचं आश्चर्य! पुढचा सगळा उपदेश त्यांनी त्या एका शब्दावर केला. मी डोळेही पुसले. सोंग बरं जमतं मला.

अक्काचा डावा कान ह्याच माणसाच्या थपडेनं गेला. अजून ती चर्चमध्ये उजवा कान पुढे करून तिरकी बसते. आता सांगा — असल्याला फुकट तारण? कृपा कमवता येत नाही, हे घरच्या अभ्यासवर्गात मीच शिकवायचो, हातात कॉफीचा लोटा घेऊन. शिकवायला काय जातं?

तरी अजून मूळ गोष्टीला हात घातला नाहीच. सांगतो.

अक्का आमच्या विजयनगरच्या घरी यायची. म्हणायची, "ह्यांच्यासाठी प्रार्थना कर रे, तुझं देव ऐकतो." मी तिचा हात धरून मोठ्यानं मागायचो — प्रभू, भावजींना वाचव. आणि मनात? मनात दर वेळी — ह्याला नको. ह्याला नरकातच टाक. वर्षानुवर्षं. अक्का त्यावर आमेन म्हणायची. बिचारी.

देवानं मला विचारलंच नाही. माझा नकार ओलांडून त्याला आत घेतलं. ह्याचा मला राग — हे लिहितानासुद्धा आहे. माझ्या मताला काहीच किंमत नाही? आणि त्या रविवारी साक्ष संपल्यावर भावजींनी माझे दोन्ही हात धरले, "हे तुमच्या प्रार्थनेचं फळ." अक्का शेजारी रडत होती. मी मान खाली घालून म्हणालो, "सगळी त्याची कृपा." आणि श्रेय घेऊन घरी आलो. अजून परत केलेलं नाही.

एवढं लिहून बायकोला वाचून दाखवलं. ती अवऱ्याच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "अय्यो, मला ठाऊक होतं की. तोंडानं 'वाचव' म्हणताना तुमची मान 'नको नको' हलायची. म्हणून तुमचं आमेन झालं की मी हळूच म्हणायची — देवा, ह्यांचं ऐकू नकोस."