बाथमधला दुसरा ग्लास

नागपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा 'पोचल्यावर फोन कर' असं माझी आई म्हणाली नाही. खिडकीच्या गजातून माझं मनगट धरून म्हणाली, "सुजाता, कुठंबी जा, पाणी गिलासानं प्यायचं. आपल्या हातानं उचलून." शेजारची बाई हसली. तिला काय ठाऊक! आईच्या लहानपणी, वर्ध्याकडच्या त्यांच्या गावात, तहान लागली की पाटलाच्या ओसरीखाली उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची आणि वरून कोणी तांब्यातून धार सोडलीच तर प्यायचं. अर्धं पाणी कोपरावरून वाहून जायचं. शाळा, मास्तरकी, नागपुरातलं दोन खोल्यांचं घर हे सगळं आईनं नंतर मिळवलं, आणि तिच्या जोरावर मी अमेरिकेत, रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्ट करायला निघाले होते.

रेडमंडमध्ये पाण्याला काय तोटा! हिवाळाभर आभाळ गळतं. तोटा भलत्याच गोष्टीचा. मराठी मंडळात पहिल्याच भेटीत लोक विचारायचे, "आडनाव काय? म्हणजे, मूळचे कुठले?" मी सरळ सांगून टाकायचे, आम्ही बौद्ध. उगाच त्यांचा वेळ कशाला घ्या. बहुतेकांना खरंच काही वाटायचं नाही. वाटायचं ते नलूकाकूंना. माझ्या टीममधल्या समीरची ही आई, मुलाकडेच राहायला आलेली. माझ्याकडे यायच्या, तासभर गप्पा मारायच्या, पडद्यांचं कौतुक करायच्या. पाणी पुढं केलं की मात्र, "नको गं, तहान नाही." चहा नाही, खाणं नाही, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा पर्समध्ये. चार वर्षं या बाईंना माझ्या घरात तहान म्हणून लागली नाही.

सत्त्याण्णवमध्ये आई सहा महिन्यांसाठी आली. तिनं हौसेनं ट्रे पुढं केला आणि काकूंनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. आईनं ट्रे आत नेला. काकू गेल्यावर म्हणाली, "इतक्या दूर येऊन तेच पाहायचं, तर मी पुन्हा काहून येऊ? तूच येत जा तिकडं." आईचा शब्द म्हणजे शब्द. समीरला सांगितलं तर तो म्हणतो, "जाऊ दे ना यार, जुनी माणसं आहेत." अरे, मग माझी आई काय कालपरवाची आहे?

तिला सोडायला जाताना मी मुद्दाम लंडनला ब्रेक घेतला. शाळेत ती इंग्लंडचा इतिहास शिकवायची, निदान एक जुनं गाव तरी बघू दे म्हणून ट्रेननं बाथला नेलं. सहावारी साडी, माझं जॅकेट, पांढरे स्नीकर्स, अशी ती मधाच्या रंगाच्या त्या दगडी गल्ल्यांमधून तुरुतुरु चालत होती. एका टीरूममध्ये तिच्या चेहऱ्याएवढा बन लोणी लावून खाल्ला. तीन मजली ताटलीतलं काकडीचं सँडविच उघडून बघितलं आणि म्हणाली, "कोशिंबीर करता येत नाही म्हणून पावात घालतात का?" आम्ही दोघी इतक्या हसलो की वेट्रेसपण हसायला लागली.

मग रोमन लोकांचं ते स्नानगृह. हिरवंगार, वाफाळणारं पाणी आणि काठावर पाटी, पाण्याला हात लावू नका. आई थबकली. चेहरा आवळला. "कोणाले नाही लावू देत?"

"कोणालाच नाही, आई. राणी आली तरी नाही."

"असं सांग ना मग!" म्हणून पदर सावरून पुढं निघाली.

शेजारच्या झुंबरांच्या हॉलमध्ये तेच झऱ्याचं पाणी प्यायला देतात. जुन्या काळचा कोट घातलेला माणूस कारंज्याखाली ग्लास धरून भरत होता. धारेचा आवाज झाला आणि आईचे दोन्ही हात आपोआप पुढं आले. ओंजळ होऊन. साठीची बाई, रिटायर्ड हेडमास्तरीण, आणि हातांना अजून ते आठवत होतं. त्या माणसाला काही कळलं नाही, तो नुसता हसला. मला रडू फुटलं. आईनं स्वतःच्या हातांकडं बघितलं, ते पदराला पुसले आणि ग्लास उचलला.

"अवं माय! अंडी उकडलेलं पाणी!" तोंड वेडंवाकडं करत तिनं ग्लास संपवला. काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "वन मोअर, प्लीज."

"आई, घाण लागतंय ना?"

"लागू दे. गावचं गोड होतं, पण असं कोणी दिलं नाही."

रेडमंडला परतल्यावर मी मंडळींना जेवायला बोलावलं. टेबलावर पाण्याचा जग आणि ग्लास मांडून ठेवले. म्हटलं, "आजपासून आमच्याकडं आधी पाणी, मग पान. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं." नलूकाकू म्हणाल्या, "मला नको गं, तहान..."

"तहान नसू दे, काकू. माझ्या घरचं पाणी चालत नसेल तर तसं तोंडानं सांगा. दर वेळी बिचाऱ्या तहानेला मध्ये घालू नका."

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. समीर पुटपुटला, "सुजाता, प्लीज यार." काकूंनी पर्स उचलली आणि त्याला गाडी काढायला लावली. नंतर काहीजण म्हणाले, तू जरा अतीच केलंस. केलं! पुन्हा करीन.

मी आईला फोन लावला, काकूंना काय बोलले ते सांगितलं.

"मग पेली का ती?"

"नाही. उठून गेली."

मग आई म्हणाली, "तिकीट काढ माझं."

तिकडचे तुम्ही आणि इकडं आलेले तुम्ही, सगळेच विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? सांगते. ट्रे मी टाकून दिलाय. जग टेबलावर असतो. समीर अजून येतो, एकटा, आणि आल्या आल्या ग्लास भरून घेतो. ज्याला तहान असेल त्यानं तसंच घ्यावं. ज्याला नसेल त्यानं जाताना दार लोटून घ्यावं, बाहेर पाऊस आहे.